१२४ किलोमीटरला एक तास: मुंबईच्या विमानांचा वेळ जातो कुठे?

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. या मार्गावरची एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमानं पुरेशा उंचीवर पोचली की ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने उडतात. भागाकार केला की उत्तर येतं ८२ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेली असते, म्हणजे १३५ मिनिटं. मधली ५३ मिनिटं आकाशाच्या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

आता जवळचं उदाहरण घेऊ. मुंबई ते पुणे (लोहगाव) हे हवाई अंतर सुमारे १२४ किलोमीटर. त्याच वेगाने गेलं तर नऊ मिनिटं पुरावीत. प्रत्यक्षात या उड्डाणाला वेळापत्रकात तासभर दिला गेला. म्हणजे सरासरी वेग ताशी १२४ किलोमीटर. या आकड्याशेजारी एक जुना आकडा ठेवतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. कराची–अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद–जुहू सुमारे ४४० किलोमीटर, एकूण अंदाजे १,०३० किलोमीटर. वाटेतला थांबा धरून सव्वासात तास लागले, म्हणजे ताशी १४० किलोमीटरहून थोडं जास्तच. एका इंजिनाचं ते छोटं पस मॉथ विमान अलीकडच्या मुंबई–पुणे जेट विमानापेक्षा, वेळापत्रकाच्या मापाने, वेगवान ठरतं.

इंजिनांची ताकद कित्येक पटींनी वाढली, तरी असं का होतं? उत्तराचा मोठा भाग अंधेरी, घाटकोपर, कुर्ला आणि विलेपार्ले यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेल्या जमिनीच्या एका तुकड्यात आहे.

आधी अंतर कसं मोजतात ते पाहू, कारण ते कुणालाही घरी करता येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे जवळजवळ १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे तो आकसत जातो. मुंबईच्या आसपास तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. मुंबई आणि पुणे विमानतळांत अक्षांशाचा फरक साधारण अर्धा अंश, म्हणजे ५६ किलोमीटर. रेखांशाचा फरक १.०५ अंश, म्हणजे ११० किलोमीटर. शाळेतला काटकोन त्रिकोण मांडला की कर्ण १२४ येतो. लांबच्या अंतरांना पृथ्वीची गोलाई धरावी लागते, पण महाराष्ट्रापुरता हा हिशेब पुरेसा अचूक आहे. याच पद्धतीने मुंबईपासून नाशिकजवळचं ओझर सुमारे १५८, कोल्हापूर ३०९, सिंधुदुर्गातलं चिपी ३५०, जळगाव ३५५, गोव्यातलं मोपा ३८५ तर दाबोळी ४२५ आणि नागपूर ६८३ किलोमीटर येतं. रेल्वेने सीएसएमटी–नागपूर ८३७ किलोमीटर आहे. जमिनीवरची वाट हवाई रेघेपेक्षा साधारण सव्वापट लांब असते, हे प्रमाण पुढे उपयोगी पडेल.

अंतराचा आकडा पक्का असतो. वेळेचा नसतो, कारण तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळच नव्हे. विमान जागचं हललं तिथून ते दुसऱ्या शहरात जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्ली–मुंबईच्या ५३ मिनिटांचा ढोबळ जमाखर्च असा लागतो. दोन्ही विमानतळांवर धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंत येणं यात मिळून पंचवीस-तीस मिनिटं जातात. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर आहे. त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. उरलेली मिनिटं वळशांची, आणि उशीर होणारच असं धरून कंपनीने आधीच ठेवलेल्या मोकळिकीची.

वळसा का पडतो, हे घाटकोपरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं असतं, म्हणून ते पूर्वेकडून येतं. दिल्लीहून निघालेलं विमान ३५,००० फुटांवरून सुमारे दोनशे किलोमीटर आधी उतरू लागतं, म्हणजे सुरत मागे पडल्यावर. पण सरळ दक्षिणेला येऊन त्याला धावपट्टी मिळत नाही. ते मुंबईच्या पूर्वेला जातं, पश्चिमेला तोंड करतं आणि ठाण्याच्या खाडीवरून, घाटकोपरच्या छपरांवरून खाली येतं. उतरण्याचा कोन तीन अंशांचा असतो, म्हणजे किलोमीटरमागे ५२ मीटर. घाटकोपर स्थानक धावपट्टीच्या पूर्व टोकापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. तिथे विमान जमिनीपासून साधारण १५५ मीटरवर असतं, आणि असल्फा-जरीमरीकडे सरकताना त्याहूनही खाली. या भागात इमारतींच्या उंचीवर बंधन का आहे, हे या एका गुणाकारातून कळतं.

आता मूळ अडचणीकडे येतो. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब, पूर्व-पश्चिम. दुसरी सुमारे २.९ किलोमीटर, तिरकी. त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन धावपट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता-उडवता येत नाहीत. व्यवहारात हे एका धावपट्टीचं विमानतळ आहे, आणि त्यावरून २०२४-२५ या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवासी गेले-आले. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवशी इथे १,०३२ विमानांची ये-जा झाली. चोवीस तासांत ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे रात्रंदिवस सरासरी दर ८४ सेकंदांना एक विमान.

या कामाबद्दल नियंत्रण मनोऱ्यातल्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण या घाईची दुसरी बाजूही आकड्यांतच आहे. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं, म्हणजे ७८ सेकंदांना एक, असं वेळापत्रक असायचं. त्यात मोकळिकीला जागाच नव्हती. एक विमान दोन मिनिटं रेंगाळलं तरी मागच्या रांगेत तो उशीर साचत जायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ही संख्या गर्दीच्या काळात ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ करायला लावली. त्या वेळी दिलेलं स्पष्टीकरण वाचण्यासारखं आहे. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या. एक विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळतं. म्हणजे ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७ किलोलिटर, किंमत सुमारे १ लाख ८० हजार रुपये. तासभर घिरट्या घातल्या तर २.५ किलोलिटर, सुमारे २ लाख ६० हजार रुपये. दिल्लीहून ८२ मिनिटांचं अंतर कापून आलेलं विमान शेवटच्या वीस किलोमीटरसाठी पाऊण तास गोल फिरत होतं, आणि त्याचा खर्च अखेर तिकिटातूनच वसूल होत होता.

तासाला दोन विमानं कमी म्हणजे ७८ ऐवजी ८२ सेकंद. फक्त चार सेकंदांची मोकळीक. तरीही ती द्यावी लागली. एवढ्या घट्ट व्यवस्थेत एखादा अपघात झाला तर काय होतं, ते १ जुलै २०१९ च्या रात्री दिसलं. मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरलं. त्यानंतर कित्येक दिवस सगळा भार दुसऱ्या धावपट्टीवर आला आणि देशभरची वेळापत्रकं कोलमडली. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दुरुस्तीसाठी दोन्ही धावपट्ट्या सहा-सहा तास बंद ठेवतात, तो दिवस महिनोन्महिने आधी जाहीर करावा लागतो, याचं कारणही हेच.

दोन विमानतळांमधलं अंतर अतिशय कमी असणं हाही मुंबईचा जुना अनुभव आहे. १९२८ मध्ये सुरू झालेलं जुहू आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतूक जिथे हलली ते सांताक्रूझ, म्हणजे आजचं मुंबई विमानतळ, यांच्यात जेमतेम पावणेचार किलोमीटर. जुहूची जमीन इतकी सखल की टाटांची टपालसेवा पावसाळ्यात पुण्याहून चालवावी लागे. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आणि जुहूची धावपट्टी जवळपास एकाच दिशेच्या आहेत. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसतं ते जुहू. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सुदैवाने ते थांबलं आणि नंतर तिथून उडवून नेता आलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाकडून तीच चूक झाली. ते धावपट्टीच्या बाहेर गेलं आणि कायमचं निकामी झालं. कुणाचा जीव गेला नाही. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरही नाही, म्हणून विमान थांबायला जागा नव्हती.

वाऱ्याचा हिशेब थोडक्यात उरकतो. मुंबई–कोलकाता १,६६५ किलोमीटर. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. समजा वारा ताशी ८० किलोमीटर आहे. जाताना जमिनीवरचा वेग ९१० पडतो आणि ११० मिनिटं लागतात. येताना वेग ७५० पडतो आणि १३३ मिनिटं लागतात. अंतर तेच, विमान तेच, फरक २३ मिनिटांचा. डिसेंबर-जानेवारीत कोलकात्याहून परतताना तिकिटावर जास्त वेळ दिसतो तो यामुळे. दिल्ली–मुंबई मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण असल्याने तिथे हा फरक कमी जाणवतो. परदेशी मार्गांवर राजकारणही वाऱ्याइतकंच मोजावं लागतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांचा वळसा मोठा झाला. मुंबईला अरबी समुद्राची वाट मोकळी असल्याने झळ तुलनेने कमी लागली.

उपनगरात राहणाऱ्याला खरा प्रश्न पडतो तो घरापासून घरापर्यंतच्या वेळेचा. त्याचं एक साधं गणित मांडता येतं. घरातून विमानतळावर जाणं, तिथे दोन तास आधी पोचणं, विमानाचं जमिनीवर रांगणं आणि उतरल्यावर सामान घेऊन गावात शिरणं, हा सगळा वेळ अंतरावर अवलंबून नसतो. पुण्याला जा नाहीतर गुवाहाटीला, तो द्यावाच लागतो. अंधेरी-घाटकोपरकराला तो साडेतीन तास धरू, मुलुंडकराला चार, बोरिवलीकराला संध्याकाळच्या गर्दीत सव्वाचार. आकाशातला वेग चढ-उतार धरून ताशी ७०० घेऊ. जमिनीवरच्या प्रवासाचा वेग ताशी ६० आणि वाट सव्वापट लांब. चार तास अटळ असतील तर विमान आणि जमिनीवरचा प्रवास यांची बरोबरी सुमारे २०५ किलोमीटरवर होते. त्याहून जवळच्या गावाला विमानाने जाऊन वेळ वाचत नाही. या अटळ वेळेत अर्ध्या तासाची भर पडली की ही सीमा २६ किलोमीटरने लांब सरकते. मुंबईवर ४० मिनिटं घिरट्या घातल्या की ३४ किलोमीटरने. आणि रस्त्याचा सरासरी वेग ६० ऐवजी ८५ झाला, तर ती थेट ३०० किलोमीटरवर जाते.

या गणितात पुणे आणि नाशिक सपशेल नापास होतात. मुलुंडच्या माणसाने ठाण्याहून गाडी धरली तर अडीच-तीन तासांत तो पुण्यात असतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून जे अंतर कापते आहे, त्यात मुंबईकराला जेट विमानाची गरज वाटू नये, हे त्या मार्गाचं यश आहे. नागपूर दुसऱ्या टोकाला. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, तरी ६८३ किलोमीटरला विमानच जिंकतं. गंमत मधल्या पट्ट्यात आहे: कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग. कोल्हापूरला रस्त्याने जायला सात-आठ तास लागतात, विमानाने घर ते घर साडेचार. चिपीला जाणाऱ्या चाकरमान्याची तर आख्खी रात्र वाचते. गणपतीत मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून कोकणात किती माणसं जातात ते कोकण रेल्वेच्या प्रतीक्षा याद्या सांगतात. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या विमानानेच सुरू झालं. ती सेवा सलग टिकली नाही.

२३ डिसेंबर २०१७ रोजी उडान योजनेखाली एअर डेक्कनने मुंबईहून जळगाव आणि नाशिकला छोटी विमानं सुरू केली, त्यांचंही तेच झालं. उडान योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या उड्डाणासाठी काही आसनांचं भाडं अडीच हजार रुपयांत ठेवण्याची कल्पना होती, आणि ती चांगलीच होती. पण जिथे दर ८२ सेकंदांना एक विमान बसवायचं आहे, तिथे १८ आसनांच्या विमानाला सकाळी आठचा स्लॉट, म्हणजे धावपट्टीवरची राखीव वेळ, कोण देणार? धावपट्टी १८ माणसांसाठीही तेवढीच अडते जेवढी १८० माणसांसाठी. मग लहान गावाच्या वाट्याला आडवेळ येते. आडवेळेला कामाची माणसं मिळत नाहीत, आसनं रिकामी जातात आणि सेवा बंद पडते. या शहरांना विमान परवडत नाही असं म्हणणं मला पटत नाही. त्यांना मुंबईची सकाळ मिळालेली नाही.

म्हणून नवी मुंबईकडे बघताना मी प्रवासी क्षमतेचे आकडे आधी बघत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेलं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झालेलं हे विमानतळ सुमारे १,१६० हेक्टरवर आहे. पहिली धावपट्टी ३,७०० मीटरची, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी. मुंबईच्या विमानतळापासून हवेतून अंतर सुमारे २४ किलोमीटर. विमानाच्या वेगाने दोन मिनिटांहून कमी. रस्त्याने ३५-४० किलोमीटर आणि तासाभराच्या पुढे कितीही.

उपनगरांना हे विमानतळ सारखं जवळ नाही, हे नकाशावर सरळ रेघ ओढली की दिसतं. बोरिवली स्थानकापासून जुनं विमानतळ सुमारे १५ किलोमीटर, नवं सुमारे ३५. अंधेरीपासून ४ आणि २७. घाटकोपरपासून ४ आणि २०. मुलुंडपासून १२ आणि २३. मुलुंडकराला फरक ११ किलोमीटरचा. त्यात ऐरोलीचा पूल हाताशी आहे, आणि ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बरने नेरूळ गाठलं तर उरण मार्गावरचं तरघर स्थानक नव्या विमानतळाच्या जवळ आहे. साकीनाक्याची कोंडी पाहता पूर्व उपनगरातल्या पुष्कळ घरांना दोन्ही विमानतळांचा वेळ सारखाच पडेल. बोरिवलीला तसं नाही. तिथून उलव्याला, म्हणजे नव्या विमानतळाला, जायला किमान तासभर जास्त धरला, तर वरच्या गणितात सीमा पन्नास किलोमीटरने लांब सरकते आणि कोल्हापूरचा फायदा बराच आटतो. दोन्ही विमानतळांना जोडणारी प्रस्तावित मेट्रो ८ आणि १२.२ किलोमीटरचा गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता पूर्ण होईपर्यंत पश्चिम उपनगरांचं विमानतळ जुनंच राहील.

विमान वेळेवर आलं की नाही हे मोजताना १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरत नाहीत, आणि ब्लॉक टाइममध्ये मोकळीक आधीच घातलेली असते. त्यामुळे वक्तशीरपणाच्या मासिक टक्क्यांवरून प्रवाशाला फारसं काही कळत नाही. प्रत्येक मार्गाची प्रत्यक्ष हवेतली मिनिटं, रांगेतली मिनिटं आणि घिरट्यांची मिनिटं वेगवेगळी छापली गेली पाहिजेत. ती नोंद नियंत्रण मनोऱ्याकडे आणि कंपन्यांकडे असतेच. दुसरी गोष्ट जास्त घाईची आहे. उलव्याची धावपट्टी अजून भरलेली नाही. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतले काही स्लॉट कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग, नांदेड अशा ठिकाणांसाठी आत्ताच राखून ठेवायला हवेत, लहान विमानांसाठीही. दिल्ली-बेंगळुरूच्या फेऱ्यांनी ते एकदा व्यापले की परत मागता येणार नाहीत. सांताक्रूझला ते कधीच मागता आले नाहीत.